सातबारा आणि सलाफहादाच्या मुली

शास्त्राभ्यास
वाचन: गणना २७:१-११; गणना ३६:१-१२; यहोशवा १७:३-६; मार्क ७:९-१३



बोईसर स्थानकातून पूर्वेला चिल्हार फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर बेटेगाव आहे. स्थानकाच्या पलीकडे, पश्चिमेला तारापूरची औद्योगिक वसाहत. इकडे भातखाचरे, ताडाची झाडे आणि पाडे. इथल्या एका पाड्यावर बायकांचा बचतगट आहे. गटाचा हिशेब झाला की ज्यांना थांबायचे त्या थांबतात आणि आम्ही पवित्र शास्त्रातला एखादा उतारा वाचून त्यावर बोलतो. मागच्या पावसाळ्यात, लावणी आटोपल्यावर, मी गणनाचा सत्ताविसावा अध्याय घेतला होता. कारण गटातल्या एका ताईचा प्रश्न माझ्या डोक्यात होता. (ओळख पटेल असे तपशील मी इथे बदलले आहेत.)

या ताईचा नवरा वसाहतीत ठेकेदाराकडे कामाला होता. दोन वर्षांपूर्वी तो वारला. पदरात दोन मुली. घरची जमीन एकरभर भाताची आणि थोडी वरकस. सातबाऱ्यावर मात्र नवऱ्याचे नाव नव्हतेच. सासऱ्याचेही नव्हते. नाव होते आजेसासऱ्याचे, जे जाऊन चाळीस वर्षे झाली. तीन पिढ्या त्या जमिनीत राबल्या, पण कागदावर एक मेलेला माणूस शेती करत होता. आता दीर म्हणत होते, "तुला मुलगा नाही. मुली उद्या लग्न करून जातील. तुझं नाव कशाला लावायचं?"

पाच बहिणी

गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. मनश्शे वंशातला सलाफहाद अरण्यात मरण पावला. त्याला मुलगा नव्हता. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या पाच मुली होत्या. त्या दर्शनमंडपाच्या दाराशी आल्या आणि मोशे, याजक एलाजार, सरदार व सर्व मंडळी यांच्यासमोर उभ्या राहिल्या. आमचा बाप कोरहाच्या बंडात नव्हता, त्याला मुलगा नाही एवढ्यावरून त्याचे नाव कुळातून का जावे, असे त्यांनी विचारले आणि वतन मागितले.

मोशेने स्वतःच्या अधिकारात उत्तर दिले नाही. त्याने प्रश्न देवापुढे नेला. देवाने सांगितले की या मुलींचे म्हणणे बरोबर आहे. आणि तेवढ्या पाच जणींपुरते न ठेवता सर्व इस्राएलासाठी नियम घालून दिला: मुलगा नसेल तर मुलीला, मुलगीही नसेल तर भावांना, मग चुलत्यांना, मग जवळच्या नातलगाला.

इथपर्यंत आम्ही नेहमी शिकवतो. पुढे यहोशवाच्या सतराव्या अध्यायाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. कनान देशात वाटप सुरू झाले तेव्हा त्याच पाच बहिणींना पुन्हा एलाजार आणि यहोशवा यांच्यापुढे जाऊन उभे राहावे लागले, आणि मोशेला दिलेल्या आज्ञेची आठवण करून द्यावी लागली. तेव्हा कुठे वतन त्यांच्या नावे लागले. आज्ञा झाली होती, पण नोंद झाली नव्हती. आपल्या भाषेत सांगायचे तर निकाल हातात होता, फेरफार बाकी होता.

हे सांगून झाल्यावर ती ताई म्हणाली, "दादा, त्या पाच जणींचं झालं ते चांगलंच झालं. पण तुमच्या बहिणीचं नाव आहे का तुमच्या घराच्या कागदावर?"

मी उत्तर देऊ शकलो नाही. त्याकडे पुढे येतो.

आजोबांचे नाव कुठून आले

या भागातल्या सातबाऱ्यावर आजोबा-पणजोबांचे नाव सहज आलेले नाही. आज ज्याला आपण पालघर जिल्हा म्हणतो (तो १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला), तिथला वारली शेतकरी एकेकाळी जमीनदाराच्या शेतात वेठ करीत असे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही मालकाकडे लग्नगडी म्हणून राबत. १९४५ मध्ये वारल्यांनी या वेठीविरुद्ध लढा उभारला. पुढे १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून कसणारे कूळ जमिनीचे मालक होऊ लागले. अनेक घरांत सातबाऱ्यावर पहिल्यांदा नाव लागले ते तेव्हा.

एवढ्या कष्टाने लागलेले नाव पुढच्या पिढीने बदलले नाही. कारणे साधी आहेत. माणूस गेला की दुःख असते, मजुरी बुडवून तालुक्याला जाणे परवडत नाही, दिवाळीनंतर निम्मे घर वीटभट्टीवर असते. शिवाय मरणानंतरचे कागद आधी काढणे अपशकुनाचे वाटते. आपल्या मंडळ्यांमध्येही हा समज आहे, फक्त त्याला आपण "प्रभूवर सोडले आहे" असे म्हणतो.

पण आता जमिनीवरून मोठे प्रकल्प जात आहेत. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग पालघर तालुक्यातून जातो आणि बोईसरला तिचे स्थानक आहे. जमीन संपादित होते तेव्हा नोटीस आणि मोबदला आधी त्यांच्याकडे जातो ज्यांचे नाव अभिलेखात आहे. ज्याचे नाव नाही त्याला हक्क सिद्ध करत फिरावे लागते. एका विधवेने दोन मुलींना घेऊन किती फिरावे?

कायदा काय म्हणतो

आपल्या वाचकांत आदिवासी कुटुंबे आहेत, तशी शहरातली ख्रिस्ती कुटुंबेही आहेत. दोघांचा कायदा एक नाही, म्हणून वेगवेगळे सांगतो.

आदिवासी कुटुंबांसाठी: १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा, आणि त्यात २००५ मध्ये मुलींना मिळालेला समान हक्क, अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. त्याच कायद्याच्या कलम २(२) मध्ये तसे लिहिले आहे. तिथे जमातीची रूढी चालते. ९ डिसेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कमला नेती यांच्या प्रकरणात निकाल दिला. संपादित जमिनीच्या मोबदल्यात एका आदिवासी मुलीने वाटा मागितला होता. न्यायालयाला त्या कायद्याखाली तो देता आला नाही. पण आदिवासी मुलींना हा हक्क नाकारण्याचे समर्थन उरले नाही असे मत देऊन कायद्यात बदल करण्याचा विचार करावा, असे न्यायालयाने केंद्र सरकारला सांगितले. नंतर १७ जुलै २०२५ रोजी राम चरण विरुद्ध सुखराम या प्रकरणात, एका गोंड स्त्रीच्या वारसांना आजोबांच्या मालमत्तेत वाटा देताना न्यायालयाने म्हटले की, स्त्रियांना वगळणारी रूढी आहे हे सिद्ध झालेले नसताना केवळ स्त्री म्हणून वाटा नाकारणे समानतेच्या हक्काविरुद्ध आहे. म्हणजे "आमच्यात बायकांना देत नाहीत" एवढे म्हणून आता भागत नाही.

वनहक्काचा पट्टा असेल तर २००६ चा कायदा स्पष्ट आहे. पट्टा विवाहित पतिपत्नीच्या संयुक्त नावाने नोंदवायचा असतो. तो वारसाने पुढे जातो, पण विकता येत नाही. घरी पट्टा असेल तर त्यावर पत्नीचे नाव आहे का, हे आजच पाहा.

ख्रिस्ती कुटुंबांसाठी: आपल्याला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसताना पती वारला तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांना सारखे मिळते. मुलगा आणि मुलगी यांत फरक नाही. घरात आई, दोन मुलगे आणि एक मुलगी असेल तर मालमत्तेचे नऊ भाग करा: आईचे तीन, प्रत्येक मुलाचे दोन, मुलीचेही दोन. केरळमधल्या सिरियन ख्रिस्ती स्त्रियांना एवढा हक्क मिळवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. मेरी रॉय यांच्या प्रकरणाचा तो निकाल १९८६ चा. आपल्याला तो लढाही करावा लागलेला नाही.

आदिवासी कुटुंब ख्रिस्ती झाले म्हणून त्याचे अनुसूचित जमातीचे स्थान जात नाही. मात्र वाटपात रूढी धरायची की १९२५ चा कायदा, हा प्रश्न आला तर वकिलाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. स्त्रियांना आणि अनुसूचित जमातीच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो. तालुका न्यायालयात विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करायचा असतो.

जमीन बाहेर जाईल ही भीती

दिरांची भीती मी हसण्यावारी नेली नाही. गणनाच्या छत्तिसाव्या अध्यायात सलाफहादाच्या भाऊबंदांनीही हीच भीती मांडली: मुली दुसऱ्या वंशात गेल्या तर वतनही जाईल. देवाने ती भीतीही ऐकली. मुलींनी आवडेल त्याच्याशी, पण आपल्याच वंशात लग्न करावे, असे सांगितले. मात्र मुलींचा हक्क काढून घेतला नाही.

आपल्याकडे आदिवासींची जमीन राखण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत १९७४ च्या दुरुस्तीने आलेले कलम ३६-अ आहे. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकणे, बक्षीस देणे, गहाण ठेवणे किंवा भाडेपट्ट्याने देणे यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. या भागातल्या जमिनी पूर्वी गेल्या त्या सावकाराच्या कर्जात आणि न वाचता केलेल्या अंगठ्यांत. घरातल्या मुलींनी त्या घालवल्या नाहीत. जमीन राखायची तर हे कलम धरून राखावी, बहिणीचे नाव वगळून नव्हे.

माझ्या बहिणीचे नाव

आता त्या ताईच्या प्रश्नाकडे येतो.

माझे वडील शिक्षक होते. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी गावी चार खोल्यांचे घर बांधले. २००९ मध्ये ते गेले. त्यांनी मृत्युपत्र केले नव्हते. आई, आम्ही दोघे भाऊ आणि धाकटी बहीण. वर्षश्राद्ध आपण करत नाही, पण वर्ष झाल्यावर स्मरणाच्या प्रार्थनेला सगळे जमलो होतो. दुसऱ्या दिवशी आम्ही भावांनी बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली. तिच्या लग्नात खर्च झाला आहे, तिला तिचे घर आहे, कागद सोपा होईल, असे आम्ही बोललो. तिने काही विचारले नाही. सही करायला पेन माझाच दिला होता. त्या काळात मी ईश्वरविज्ञानाच्या डिप्लोमाचा अभ्यास करत होतो आणि पंचग्रंथाच्या परीक्षेत गणना सत्ताविसाववर उत्तर लिहून मला चांगले गुण मिळाले होते.

काही वर्षांनी तिच्या नवऱ्याची नोकरी गेली. तिने दागिने मोडले. आमच्याकडे ती काही मागायला आली नाही. मागायला कागदावर काही राहिलेच नव्हते.

हक्कसोडपत्र वाईटच असते असे माझे म्हणणे नाही. काही बहिणी आनंदाने, समजून देतात. पण देण्याआधी तिला तिचा वाटा किती हे सांगितले होते का? विचार करायला वेळ दिला होता का? नाही म्हणण्याची मोकळीक होती का? आमच्या घरी तिन्ही प्रश्नांचे उत्तर नाही असे आहे. आणि नोंदणी झालेले हक्कसोडपत्र नुसते वाईट वाटून परत फिरत नाही.

बेटेगावहून परतल्यावर मी बहिणीकडे गेलो आणि हे सगळे तिच्यापुढे बोललो. ती म्हणाली, "कागदाचं नंतर बघू. आधी जेव." जेवल्यावर मात्र तिने मला पहिल्यांदाच सांगितले की सही केली त्या रात्री ती झोपली नव्हती. तिचे दोन भाग आम्हा दोघा भावांकडे एकेक आले होते. माझ्याकडे आलेला भाग मी बक्षीसपत्राने तिच्या नावे करत आहे. कागद तयार झाला आहे. भावाने अजून काही ठरवलेले नाही, आणि त्याच्यावर दगड उचलण्याचा मला अधिकार नाही.

काय करावे

आजारी पडण्याची वाट न पाहता घरातल्या सगळ्यांनी एका संध्याकाळी बसावे आणि पुढील कामे करावीत.

१. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत २१ दिवसांच्या आत करा. वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. दाखल्याशिवाय पुढचे कोणतेच काम होत नाही.

२. सातबारा आणि आठ-अ काढून आणा व मोठ्याने वाचा. मेलेल्या माणसाचे नाव असेल तर तलाठ्याकडे (आता पदाचे नाव ग्राम महसूल अधिकारी) वारस नोंदीचा अर्ज द्या. कायद्याप्रमाणे तीन महिन्यांत कळवायचे असते, पण उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावे असलेले प्रतिज्ञापत्र लागते. हरकतीसाठी नोटीस निघते आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावर फेरफार होतो. शासनाने एप्रिल २०२५ पासून "जिवंत सातबारा" मोहीम याच कामासाठी राज्यभर घेतली.

३. वारसांच्या यादीत विधवा आणि मुली, लग्न झालेल्या असल्या तरी, लिहा. खोटी यादी देणे हे खोटी साक्ष देणेच आहे.

४. मृत्युपत्र साध्या कागदावर करता येते. मुद्रांक लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. दोन साक्षीदारांनी सह्या कराव्यात. ज्याला मालमत्ता द्यायची त्याला किंवा त्याच्या पतीला वा पत्नीला साक्षीदार करू नका, नाहीतर १९२५ च्या कायद्याने त्याला दिलेले रद्द ठरते. आपल्याला लागू असलेल्या या कायद्यात आणखी एक गोष्ट आहे: मृत्युपत्र केल्यानंतर लग्न झाले तर ते मृत्युपत्र रद्द होते, नवे करावे लागते.

५. बँकेतला नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. तो पैसे हाती घेतो, पण ते खऱ्या वारसांसाठी. हे घरात आधीच सांगून ठेवा.

६. हक्कसोडपत्रावर सही घेण्याआधी किंवा देण्याआधी वर लिहिलेले तीन प्रश्न विचारा.

आणि एक गोष्ट आमच्या कामाविषयी. काही हितचिंतक विचारतात, मृत्युपत्रात मिशनच्या कामासाठी काही ठेवता येईल का? येते. ख्रिस्ती माणसाने धर्मादाय कामाला मृत्युपत्राने देण्यावर १९२५ च्या कायद्यातील कलम ११८ ची बंधने होती. ती सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये जॉन वल्लमट्टम प्रकरणात रद्द केली. पण मार्कच्या सातव्या अध्यायात, देवाला अर्पण झाले असे म्हणून आईबापांना उपाशी ठेवणाऱ्यांना प्रभूने काय म्हटले ते आधी वाचा. घरातल्या विधवेची, आजारी भावाची, सही करून गेलेल्या बहिणीची सोय आधी करा. त्यानंतर जे द्याल ते आनंदाचे दान होईल. आदिवासी कुटुंबाची जमीन तर आम्ही आमच्या कामासाठी कधीही घेणार नाही.

बेटेगावचे पुढे

त्या ताईसोबत मी वारसांची यादी करायला बसलो तेव्हा एक अडचण निघाली. आजेसासऱ्यांपासून वंशावळ लिहायची तर नवऱ्याच्या दोन आत्यांची नावेही येत होती. म्हणजे तिचा वाटा आणखी लहान होणार होता. मोठा दीर लगेच म्हणाला, "बघ, तुझं नाव लावायचं तर त्यांचंही लावावं लागेल. त्यांच्या लग्नात देज घेतलं तेव्हाच विषय संपला होता."

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मी ज्या हक्कानं मागते त्याच हक्कानं त्या मागतील. आत्यांचंही लिहा."

अर्जात सगळ्यांची नावे गेली. दोन्ही मुलींचीही. दिरांनी सही केली. धाकट्याने आधी, मोठ्याने आठवडाभराने. आता फेरफाराची वाट पाहणे सुरू आहे. वाटा खरेच लहान आहे, पण तो कोणाचा आहे हे आता कोणाला विचारावे लागणार नाही.

मंडळीत चर्चेसाठी

१. सलाफहादाच्या मुलींना यहोशवाकडे पुन्हा का जावे लागले? आपल्या घरात कोणती "आज्ञा" नोंदीविना पडून आहे?

२. गणना ३६ मध्ये भाऊबंदांची भीती आणि मुलींचा हक्क दोन्ही कसे सांभाळले गेले?

३. आपल्या घराच्या किंवा शेताच्या कागदावर कोणाचे नाव असायला हवे होते आणि नाही? ते विचारायला या महिन्यात कोण जाईल?

प्रार्थनेचे विषय

बेटेगाव परिसरातील ज्या विधवांचे अर्ज प्रलंबित आहेत त्यांच्यासाठी. वाटपावरून बोलणे बंद झालेल्या भावाबहिणींसाठी. आणि शिकवणाऱ्यांसाठी, की जे आम्ही शिकवतो ते आधी आमच्या घरात घडावे.